उदयोन्मुख सत्तेशी सुरक्षाविषयक संवादाचा पुनरारंभ : भारत-चीन सीमावाटाघाटींचा विचार

राजनैतिक संबंध तोडणे आणि राजनैतिक संवाद थांबणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. दूतावास उघडे राहतात, व्यापार चालू असतो, आंतरराष्ट्रीय परिषदांत उभय देशांचे प्रतिनिधी एकाच सभागृहात बसतात. आणि तरीही सुरक्षेच्या ज्या प्रश्नावरून बेबनाव झाला त्या प्रश्नावर अधिकाराने बोलण्याची वाट बंद झालेली असते. ही वाट पुन्हा केव्हा उघडावी, कोणत्या पातळीवर उघडावी आणि कोणत्या अटींवर उघडावी, हे परराष्ट्रनीतीतील अत्यंत अवघड निर्णय होत. प्रतिपक्ष ही उदयोन्मुख सत्ता असेल, तर या निर्णयांत आणखी एका घटकाची भर पडते. तो घटक म्हणजे काळ. समबल राष्ट्रांमध्ये संवाद दहा वर्षे बंद राहिला तर तो पुन्हा सुरू होताना दोन्ही बाजू साधारणत: पूर्वीच्याच जागी असतात. एका बाजूचे बळ त्या अवधीत झपाट्याने वाढले असेल, तर दुसरी बाजू परत येते ती निराळ्याच परिस्थितीत.

या दृष्टीने भारत आणि चीन यांच्या सीमाविषयक वाटाघाटींचा इतिहास विशेष अभ्यसनीय आहे. १९६२च्या युद्धानंतर हा संवाद एकदा नव्हे, तर तीन वेळा नव्याने मांडावा लागला : १९७६, १९८८ आणि २०२४ मध्ये. या तिन्ही पुनरारंभांची तुलना केली असता असे दिसते की, प्रत्येक वेळी संवाद शक्य व्हावा म्हणून एक प्रश्न बाजूस ठेवण्यात आला. आणि तो प्रश्न नेहमी एकच होता. प्रत्यक्ष ताबारेषा नेमकी कोठून जाते, हा तो प्रश्न होय.

१. खंड कसा पडला

१९५९च्या ऑगस्टमध्ये लोंग्जू येथे आणि ऑक्टोबरमध्ये कोंगका खिंडीजवळ चकमकी झाल्या. त्यानंतर ७ नोव्हेंबर १९५९ रोजी चीनचे पंतप्रधान चौ एन-लाय यांनी पंडित नेहरूंना पत्र लिहून असे सुचविले की, उभय बाजूंनी पूर्वेकडे मॅकमहोन रेषेपासून आणि पश्चिमेकडे ज्या रेषेपर्यंत प्रत्येकाचा प्रत्यक्ष ताबा आहे त्या रेषेपासून वीस किलोमीटर मागे जावे. भारताने ही सूचना स्वीकारली नाही. पश्चिमेकडील ही रेषा चीन स्वत:च ठरविणार आणि ती काळानुसार पुढे सरकणार, हा भारताचा मुख्य आक्षेप होता. प्रत्यक्ष ताबारेषा या संज्ञेचा उगम असा वादातच झाला आहे.

एप्रिल १९६० मध्ये चौ एन-लाय दिल्लीस आले. बोलणी निष्फळ झाली. पुढे उभय देशांच्या अधिकाऱ्यांनी आपापले पुरावे मांडणारा विस्तृत अहवाल मात्र तयार केला. १९६१–६२ मध्ये राजदूत परत गेले आणि त्यांच्या जागा रिकाम्या राहिल्या. २० ऑक्टोबर १९६२ रोजी युद्धास तोंड लागले. १४ नोव्हेंबर रोजी भारतीय संसदेने आक्रमकास भारताच्या पवित्र भूमीतून हुसकून लावण्याचा निर्धार व्यक्त करणारा ठराव संमत केला. हा ठराव पुढील प्रत्येक वाटाघाटीत भारतीय प्रतिनिधींच्या पाठीशी उभा होता. तसाच तो त्यांच्या हालचालीस मर्यादा घालणाराही होता.

दूतावास मात्र बंद झाले नाहीत. दोन्ही राजधान्यांत प्रभारी राजदूत काम पाहत राहिले. या बाबीचे महत्त्व १९७० मध्ये दिसून आले. त्या वर्षीच्या मे दिनाच्या समारंभात माओ त्से-तुंग यांनी भारताचे प्रभारी राजदूत ब्रजेश मिश्र यांच्याजवळ, हे भांडण असेच चालू राहू नये, अशा आशयाचे उद्गार काढले. संवादाची इच्छा कळविण्यास कोणी तरी समोर असावे लागते. प्रभारी राजदूताचे पद कनिष्ठ खरे. परंतु ते नसते तर हा संकेत पोहोचविण्यास त्रयस्थ देशाची मदत घ्यावी लागली असती.

२. १९७६ : राजदूतांची पुनर्नियुक्ती

१९७० चा संकेत आणि प्रत्यक्ष निर्णय यांच्यामध्ये सहा वर्षे गेली. त्या अवधीत बांगलादेशाचे युद्ध झाले, भारत-सोव्हिएत मैत्रीचा करार झाला, सिक्कीम भारतात समाविष्ट झाले. ऑक्टोबर १९७५ मध्ये तर अरुणाचलातील तुलुंग खिंडीत चिनी सैनिकांच्या गोळीबारात आसाम रायफल्सचे चार जवान मृत्युमुखी पडले. एवढे होऊनही एप्रिल १९७६ मध्ये भारताने पेकिंग येथे पुन्हा राजदूत पाठविण्याचा निर्णय जाहीर केला. त्या पदावर के. आर. नारायणन यांची नियुक्ती झाली. त्या वेळी परराष्ट्रमंत्रिपदी यशवंतराव चव्हाण होते. १९६२च्या पराभवानंतर संरक्षणमंत्री म्हणून ज्यांना मुंबईहून दिल्लीस पाचारण करण्यात आले, त्यांच्याच परराष्ट्रमंत्रिपदाच्या काळात चीनशी राजदूतपातळीवरील संबंध पूर्ववत झाले, हा योगायोग महाराष्ट्रातील अभ्यासकांनी ध्यानात ठेवण्याजोगा आहे.

या पहिल्या पुनरारंभाचे स्वरूप मर्यादित होते. सीमेसंबंधी कोणताही समझोता त्यात नव्हता, की कोणती अट नव्हती. संवादाचे साधन तेवढे परत बसविण्यात आले. साधन बसविल्याने प्रश्न सुटत नाही, हे लवकरच दिसले. फेब्रुवारी १९७९ मध्ये परराष्ट्रमंत्री अटलबिहारी वाजपेयी चीनमध्ये असतानाच चीनने व्हिएतनामवर आक्रमण केले आणि वाजपेयींना दौरा आटोपता घ्यावा लागला. तथापि साधन हाताशी असल्यामुळे संवाद पुन्हा वीस वर्षे मागे गेला नाही. जून १९८१ मध्ये चीनचे परराष्ट्रमंत्री हुआंग हुआ भारतात आले आणि त्याच वर्षाच्या अखेरीपासून १९८७ पर्यंत अधिकाऱ्यांच्या पातळीवर बोलण्यांच्या आठ फेऱ्या झाल्या.

३. १९८८ : प्रश्नांचा क्रम बदलतो

या आठ फेऱ्यांत फारसे निष्पन्न झाले नाही. चीनचा प्रस्ताव ढोबळमानाने असा होता की, पूर्वेकडील वस्तुस्थिती चीनने मान्य करावी आणि पश्चिमेकडील वस्तुस्थिती भारताने. भारतास प्रत्येक विभागाचा स्वतंत्र विचार हवा होता. १९८५ नंतर चीनने पूर्वेकडील मागणीवर, विशेषत: तवांगवर, अधिक भर देण्यास सुरुवात केली. १९८६ मध्ये सुमदोरोंग चू खोऱ्यात चिनी तुकड्यांनी ठाणे उभारले. भारताने सभोवतीच्या उंचवट्यांवर सैन्य उतरविले. फेब्रुवारी १९८७ मध्ये अरुणाचल प्रदेशास राज्याचा दर्जा देण्यात आला. युद्धाची भाषा पुन्हा ऐकू येऊ लागली.

या पार्श्वभूमीवर डिसेंबर १९८८ मध्ये राजीव गांधी चीनला गेले. १९५४ नंतर भारतीय पंतप्रधानांची ही पहिलीच भेट होती. या भेटीने भारताच्या धोरणात मूलगामी बदल केला. तोवर सीमाप्रश्न सुटल्याविना अन्य संबंध सुधारणार नाहीत, अशी भारताची सर्वसाधारण भूमिका होती. आता असे ठरले की, सीमाप्रश्नावर उभयमान्य तोडगा शोधीत असतानाच व्यापार, विज्ञान, संस्कृती आदी क्षेत्रांतील संबंध वाढवावेत. सीमेसाठी संयुक्त कार्यगट स्थापन झाला. जुलै १९९२ मध्ये शरद पवार हे चीनला भेट देणारे पहिले भारतीय संरक्षणमंत्री ठरले.

येथे एक गोष्ट आवर्जून नमूद केली पाहिजे. १९८८च्या सुमारास दोन्ही देशांचे राष्ट्रीय उत्पन्न, डॉलरच्या चालू दराने मोजले असता, जवळपास सारखे होते. प्रश्न काही काळ बाजूस ठेवण्याचा निर्णय भारताने समबल राष्ट्राशी व्यवहार करताना घेतला होता. कालहरणाने कोणाचेच विशेष नुकसान होणार नाही, असे गृहीत धरणे तेव्हा अवाजवी नव्हते.

४. करार आणि त्यांतील पोकळी

१९८८ मध्ये घातलेल्या पायावर पुढील पंधरा-सतरा वर्षांत करारांची एक मालिकाच उभी राहिली. ७ सप्टेंबर १९९३च्या करारान्वये उभय बाजूंनी प्रत्यक्ष ताबारेषेवर शांतता राखण्याचे मान्य केले. १९५९ मध्ये भारताने नाकारलेली संज्ञा या कराराने औपचारिक लेखात आली. ती कोणाच्याही सीमाविषयक दाव्यास बाध आणणार नाही, हे अर्थात् त्यात स्पष्ट केले होते. २९ नोव्हेंबर १९९६च्या करारात लष्करी क्षेत्रातील विश्वासवर्धक उपाय तपशीलवार सांगितले गेले. एका डिव्हिजनपेक्षा, म्हणजे सुमारे १५,००० सैनिकांपेक्षा, मोठे सराव रेषेजवळ टाळावेत. सुमारे ५,००० सैनिकांच्या ब्रिगेडपेक्षा मोठ्या सरावाची पूर्वसूचना द्यावी. लढाऊ विमानांनी रेषेपासून दहा किलोमीटरांच्या आत येऊ नये. दोन किलोमीटरांच्या आत गोळीबार करू नये अथवा स्फोटके वापरू नयेत, अशी ही कलमे आहेत.

ही सर्व अंतरे एका रेषेपासून मोजावयाची आहेत. रेषेबद्दलच मतभेद असेल तर दोन किलोमीटर कोठून मोजावयाचे? करार करणाऱ्यांना ही अडचण ठाऊक होती. म्हणूनच १९९६च्या कराराच्या दहाव्या कलमात असे मान्य केले आहे की, करारातील काही तरतुदींची पूर्ण अंमलबजावणी रेषेविषयी समान समजूत होण्यावर अवलंबून राहील आणि त्यासाठी रेषेच्या स्पष्टीकरणाचे काम त्वरेने करावे. त्यानुसार २००० मध्ये मधल्या विभागाच्या नकाशांची देवघेव झाली. २००२ मध्ये पश्चिम विभागाचा प्रश्न आला तेव्हा दोन्ही बाजूंच्या रेषांतील अंतर इतके मोठे निघाले की, ती प्रक्रिया तेथेच खुंटली.

जून २००३ मध्ये वाजपेयींच्या चीनभेटीत दोन्ही देशांनी विशेष प्रतिनिधी नेमले. अधिकाऱ्यांच्या तांत्रिक चर्चेऐवजी राजकीय दृष्टीने तोडगा शोधावा, असा त्यामागील हेतू होता. भारताचे पहिले विशेष प्रतिनिधी होते ब्रजेश मिश्र. म्हणजे १९७० मध्ये माओंचा संकेत ज्यांनी दिल्लीस कळविला तेच. एप्रिल २००५ मध्ये तोडग्याच्या राजकीय तत्त्वांविषयी करार झाला. सीमाभागातील स्थायिक लोकवस्तीचे हित जपावे, हे त्याचे सातवे कलम तवांगच्या संदर्भात भारतास मोलाचे वाटले. परंतु चीनने लवकरच त्याचा वेगळा अर्थ लावण्यास सुरुवात केली. अंतिम तोडगा दूर राहिला, आणि तोडगा दृष्टिपथात असल्याच्या समजुतीने रेषेच्या स्पष्टीकरणाचे कामही मागे पडले. मे २०१५ मध्ये पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी बीजिंगच्या त्सिंगह्वा विद्यापीठातील भाषणात ते काम पुन्हा हाती घ्यावे असे सुचविले, तेव्हा चीनची पसंती रेषेपेक्षा आचारसंहितेस होती.

दरम्यान बलाबल बदलले होते. २००६ मध्ये रेल्वे ल्हासापर्यंत पोहोचली. भारताचा दार्बुक–श्योक–दौलत बेग ओल्डी हा २५५ किलोमीटरांचा रस्ता २०१९ मध्ये पूर्ण झाला. दोन्ही बाजूंची सैन्ये जेथे पूर्वी वर्षातून काही वेळा गस्तीस जात, तेथे आता वारंवार जाऊ लागली, आणि एकमेकांवर छेदणाऱ्या दाव्यांच्या जागी ती समोरासमोर येऊ लागली. २०१३ मध्ये देपसांग, २०१४ मध्ये चुमार, २०१७ मध्ये डोकलाम येथे ७३ दिवस, असे पेचप्रसंग उद्भवले. प्रत्येक वेळी मुत्सद्द्यांनी मार्ग काढला. परंतु मूळ पोकळी तशीच राहिली.

५. २०२० ते २०२५ : खंड आणि तिसरा पुनरारंभ

१५ जून २०२०च्या रात्री गलवान खोऱ्यात झालेल्या संघर्षात भारताचे वीस सैनिक मारले गेले. चीनने फेब्रुवारी २०२१ मध्ये आपले चार मृत मान्य केले. १९७५ नंतर या सीमेवर झालेली ही पहिली प्राणहानी होय. ही झुंज बंदुकांनी झाली नाही, यास १९९६चा करार कारणीभूत होता. आणि ती मुळात झाली, यास त्याच कराराचे अपुरे राहिलेले दहावे कलम बव्हंशी कारणीभूत होते.

यानंतर भारताने १९८८चे सूत्र उलटे फिरविले. सीमेवर शांतता नसेल तर अन्य संबंध पूर्ववत राहू शकत नाहीत, अशी भूमिका घेतली गेली. चिनी गुंतवणुकीवर निर्बंध आले, विमानसेवा पुन्हा सुरू झाली नाही, डिसेंबर २०१९ नंतर विशेष प्रतिनिधींची औपचारिक बैठक झाली नाही. ऑक्टोबर २०२२ नंतर दीड वर्षाहून अधिक काळ दिल्लीत चीनचा राजदूतही नव्हता. परंतु संवादाची खालची पातळी बंद झाली नाही. कोअर कमांडरांच्या पातळीवर फेब्रुवारी २०२४ पर्यंत २१ बैठका झाल्या. सल्लामसलत व समन्वयाची २०१२ची मुलकी यंत्रणाही भेटत राहिली. फेब्रुवारी २०२१ मध्ये पँगाँग सरोवराच्या काठांवरून, त्याच वर्षी ऑगस्टमध्ये गोग्रा येथून आणि सप्टेंबर २०२२ मध्ये हॉट स्प्रिंग्ज भागातून पथके मागे घेण्यात आली. या ठिकाणी दोन्ही बाजूंनी गस्त न घालण्याचे पट्टे निर्माण करण्यात आले. देपसांग आणि डेमचोक यांविषयीचा समझोता २१ ऑक्टोबर २०२४ रोजी जाहीर झाला. दोन दिवसांनी कझान येथे मोदी आणि शी जिनपिंग यांची भेट झाली, आणि १८ डिसेंबरला विशेष प्रतिनिधींची तेविसावी बैठक बीजिंगमध्ये भरली. चोविसावी बैठक ऑगस्ट २०२५ मध्ये दिल्लीत झाली. त्याच वर्षी कैलास-मानसरोवराची यात्रा आणि थेट विमानसेवा पुन्हा सुरू झाली.

सीमेवरील हालचालींच्या संदर्भात तीन पायऱ्या वेगळ्या ओळखल्या पाहिजेत. समोरासमोर उभी असलेली पथके मागे घेणे ही पहिली. पाठीमागे जमविलेले हजारो सैनिक, तोफा आणि रणगाडे कमी करणे ही दुसरी. सीमेचे दैनंदिन व्यवस्थापन कसे करावयाचे हे नव्याने ठरविणे ही तिसरी. ३ डिसेंबर २०२४ रोजी परराष्ट्रमंत्री एस. जयशंकर यांनी लोकसभेत केलेल्या निवेदनानुसार यांपैकी पहिलीच पायरी पूर्ण झाली होती. ऑगस्ट २०२५च्या बैठकीत दुसऱ्या व तिसऱ्या पायरीसाठी, तसेच सीमानिश्चितीत लवकर साध्य होण्याजोगे भाग शोधण्यासाठी, तज्ज्ञांचे व अधिकाऱ्यांचे गट नेमण्याचे ठरले. अर्थात् संवाद सुरू झाला तो शिल्लक कामाची यादी हाती घेऊन.

६. तुलना आणि निष्कर्ष

तिन्ही पुनरारंभ एकत्र पाहिले म्हणजे त्यांतील भेद स्पष्ट होतो. १९७६ मध्ये भारताने काही न मागता साधन परत बसविले. १९८८ मध्ये प्रश्नांचा क्रम बदलून मोठा अवकाश मिळविला. २०२४ मध्ये सीमेवरील एक निश्चित कृती ही वरिष्ठ पातळीवरील संवादाची पूर्वअट ठरविण्यात आली, आणि चार वर्षांनी का होईना ती पूर्ण झाली. या दृष्टीने तिसरा पुनरारंभ पहिल्या दोहोंपेक्षा अधिक काटेकोर होता.

परंतु त्याची किंमतही ध्यानात घेतली पाहिजे. १९८८ मध्ये जी अर्थव्यवस्था भारताच्या बरोबरीची होती, ती २०२४ मध्ये साधारणत: पाचपट झाली होती. राजकीय संबंध गोठलेले असतानाही आयात वाढत गेली. २०२४–२५ मध्ये चीनशी व्यापारातील तूट सुमारे ९९ अब्ज डॉलरांवर पोहोचली. यावरून दिसते की, संवाद रोखून धरण्याने प्रतिपक्षावर पडणारे दडपण हे ज्याला त्या संबंधाची अधिक गरज असते त्याच्यावर अधिक पडते. पूर्वअट घालण्याचे सामर्थ्य बलाबलावर अवलंबून असते, आणि ते दर दशकात पुन्हा मोजावे लागते.

रेषेच्या स्पष्टीकरणाविरुद्ध एक युक्तिवाद केला जातो, आणि तो सर्वस्वी निराधार नाही. नकाशे समोर ठेवले की प्रत्येक पक्ष आपला दावा ताणून मांडतो आणि नवे वाद उत्पन्न होतात. त्यापेक्षा संदिग्धता बरी, असे त्याचे स्वरूप आहे. २००२चा अनुभव या मताच्या बाजूने सांगता येतो. तथापि संदिग्धतेचा लाभ दोन्ही पक्षांना सारखा मिळत नाही. ज्याच्याजवळ रस्ते, रेल्वे आणि साधने अधिक, तो संदिग्ध भागात अधिक वेळा आणि अधिक बळानिशी पोहोचतो. कालांतराने त्याचे तेथे असणे हीच वस्तुस्थिती म्हणून मांडली जाते. नेहरूंच्या काळी सरकत्या रेषेवर जो आक्षेप घेतला गेला होता, त्यातील तथ्य अद्याप शिल्लक आहे.

यावरून असे म्हणता येईल की, उदयोन्मुख सत्तेशी संवाद पुन्हा सुरू करणे हे दुर्बल पक्षाने टाळण्यासारखे नाही. किंबहुना प्रतीक्षेचा भार त्याच्यावरच अधिक असल्याने ते त्यास आवश्यक असते. परंतु संवाद सुलभ व्हावा म्हणून कोणता प्रश्न पुढे ढकलला जात आहे आणि त्या दिरंगाईचा लाभ कोणास होणार, याचा हिशेब आरंभीच मांडावयास हवा. ऑगस्ट २०२५ मध्ये ठरलेल्या गटांच्या कामाचे मूल्यमापन बैठकांच्या संख्येवरून किंवा निवेदनांच्या सौम्य भाषेवरून करून चालणार नाही. १९९६च्या दहाव्या कलमाने सोपविलेले काम, निदान ज्या थोड्या ठिकाणी वारंवार चकमकीचे प्रसंग येतात तेवढ्यापुरते तरी, पुढे सरकते किंवा नाही, हीच त्याची कसोटी होय. ते सरकले नाही, तर गस्तीच्या वाटेवर दोन पथके पुन्हा समोरासमोर येतील आणि आपण आपल्याच हद्दीत आहोत असे दोन्ही पथके प्रामाणिकपणे मानीत असतील.